दीड मग पाणी

घुमी पास झाली. सलग तीस दिवस, रोज तीन किलो ऑक्सिजन, एकाही दिवसाचा खाडा नाही. मंगळावर बसून मंगळाच्याच हवेतून माणसाचा श्वास काढणारं हे पहिलं यंत्र, आणि त्याचा प्रमुख चालक मी. खाली, म्हणजे पृथ्वीवर, ऑफिसात पेढे वाटले म्हणे. मिरजेत माझ्या शाळेने अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.

आता हे सगळं घडलंच नाही असं समजा. मला सांगायला सोपं जाईल.

तर परीक्षेचा सतरावा दिवस होता, आणि मी उपमा खात होतो. समोर बारटक्के मॅडम येऊन उभ्या राहिल्या.

"यशोधन, पाणी जातंय."

"कुठे, मॅडम?"

"ते माहीत असतं तर तुझ्याशी कशाला बोलले असते?"

बारटक्के मॅडम आमच्या तळाच्या प्रमुख. मूळच्या रत्नागिरीच्या. मंगळाचा दिवस पृथ्वीच्या दिवसापेक्षा साधारण चाळीस मिनिटांनी मोठा असतो. ती चाळीस मिनिटं मॅडमनी मीटिंगसाठी राखून ठेवली होती. तळावर माणसं एकूण तीन: मॅडम, मी आणि अण्णा चौगुले. त्यामुळे मीटिंगला गणसंख्येचा प्रश्न कधी आला नाही.

"मी रोज संध्याकाळी टाकीत काठी बुडवून बघते," मॅडम म्हणाल्या. "गेले सहा दिवस रोज दीड मग पाणी कमी भरतंय."

"गळती असेल."

"गळती इतक्या शिस्तीची नसते. रोज दीड म्हणजे दीड? हे माणसाचं काम आहे. तू चौकशी अधिकारी."

"संशयित किती, मॅडम?"

"तीन."

"मला धरून?"

"तुझ्यापासूनच सुरुवात कर."

मी आरशासमोर उभं राहून स्वतःची चौकशी केली. उत्तरं समाधानकारक मिळाली.

पाण्याचं एवढं कौतुक का, तर ते जमिनीखालचा बर्फ खणून, वितळवून, गाळून मिळायचं. आणि हवेचं एवढं कौतुक का, तर खालच्या ऑफिसचं पत्र आलं होतं. तळावर सलग तीस दिवस रोज तीन किलो ऑक्सिजन तयार झाला पाहिजे. एक दिवस जरी कमी पडला, तरी तळ बंद, आणि पुढच्या यानाने तिघंही खाली.

खाली जायचं म्हणजे मला मिरज, आणि मिरजेत आईने काढून ठेवलेल्या अकरा पत्रिका. मॅडमना रत्नागिरी आणि पेन्शन. हे दोन्ही माणसाला सोसण्यासारखं आहे. पण अण्णांना खाली जायचं म्हणजे गुडघे.

अण्णा चौगुले तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. शिरोलीच्या फाउंड्रीत पस्तीस वर्षं ओतकाम केलेला माणूस. मंगळाच्या मातीचे साचे करून त्यात लोखंड ओतता येतं का हे बघायला त्यांना पाठवलं होतं. पृथ्वीवर त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. पहिल्या मजल्यावर जायचं तर चौथ्या पायरीवर बसून ते पाहुण्यांची विचारपूस करायचे, असं त्यांनीच सांगितलं होतं. मंगळावर मात्र माणसाचं वजन तिसऱ्या हिश्श्याच्या जरासं वर. पहिल्या दिवशी पोशाख चढवून अण्णा बाहेर पडले. एक पाऊल टाकलं, थांबले. दुसरं टाकलं, थांबले. मग तळामागच्या टेकडीच्या दिशेने निघाले ते थेट माथ्यावर. माझ्या कानातल्या यंत्रात दहा मिनिटं नुसता श्वास ऐकू येत होता. मग आवाज आला, "यशा, दुखंना की रं."

ते खाली उतरले आणि परत चढले. नकाशात त्या टेकडीचं नाव 'उंचवटा क्र. ४' असं आहे. आम्ही तिला 'गुडघा' म्हणतो.

त्यानंतर अण्णा रोज पोतं घेऊन गुडघ्यावर जायचे आणि तिथली माती आणायचे. एकदाच, चहा ढवळताना, ते मला म्हणाले होते, "मला खाली धाडू दिऊ नगंस, लेका. एवढी घुमी तेवढी चालू ठेव."

घुमी म्हणजे आमचं यंत्र. मंगळावरची हवा म्हणजे जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. घुमी ती आत ओढायची, आठशे अंशांपर्यंत तापवायची आणि त्यातला ऑक्सिजन सोडवून घ्यायची. तिला घुमी म्हणायचं कारण ती बिघडली तरी काही बोलायची नाही. किती ऑक्सिजन देते हे सांगणारा तिचा मीटर तिसऱ्याच दिवशी गेला. मग आम्ही दुसरी पद्धत काढली. तळाच्या आतला सगळा ऑक्सिजन मोजायचा, तिघांच्या श्वासाला ठरावीक किती लागतो तो त्यात मिळवायचा, आणि आदल्या दिवसापेक्षा जो जास्त भरेल तो घुमीच्या नावावर मांडायचा. मोजणी रोज संध्याकाळी सहाला. ही पद्धत मीच सुचवली होती. हे लक्षात ठेवा, किंवा नका ठेवू, मला तरी विसरता येत नाही.

दहाव्या दिवशी आकडा आला तीन पूर्णांक शून्य एक. जेमतेम. अकराव्या दिवशी सकाळी सातला घुमीकडे बघून मला राग आला आणि मी तिला पान्याने तीन टोले दिले. त्या संध्याकाळी आकडा तीन पूर्णांक शून्य आठ!

मी खाली कळवलं: 'यांत्रिक उत्तेजनाने उत्पादनात वाढ.' खालून विचारणा आली, पान्याचं वजन किती, टोले कुठे, कोन काय. मी पंचेचाळीस अंश असं ठोकून दिलं. दोन दिवसांनी त्यांनी टोले कसे द्यावेत याची चाळीस पानी कार्यपद्धती पाठवली, त्यात पान्याची आकृती होती. तेव्हापासून मी रोज सकाळी सातला तीन टोले द्यायचो, आणि आकडा रोज तीनच्या वर राहायचा. सांगायला हरकत नाही, मी चालताना थोडा ताठ चालायला लागलो होतो.

चौकशीकडे परत येतो. मॅडमनी आपला जबाब लेखी दिला, तीन प्रतींत. अण्णांचा मी तोंडी घेतला.

"अण्णा, काल सकाळी तुम्ही कुठं होता?"

"मंगळावर."

"मंगळावर कुठं?"

"हितंच की. हितनं जायचं म्हटलं तर कुठं जातोस?"

"पाण्याबद्दल काही माहिती?"

"पाणी चांगलं असतंय," अण्णा म्हणाले, आणि साचा घासायला लागले.

अठराव्या दिवशी सकाळी मी दबा धरला. आतलं घर आणि बाहेरचा मंगळ यांच्यामध्ये दोन दरवाजांची एक खोली होती. तिला आम्ही उंबरा म्हणायचो. पोशाख चढवायचे-उतरवायचे तिथेच, आणि अण्णांचं साच्यांचं कामही तिथेच. भिंतीवर तीन पोशाख टांगलेले असत. त्यातल्या माझ्या पोशाखात मी शिरलो, काच उघडी ठेवली आणि टांगल्यासारखा उभा राहिलो.

पावणेसातला अण्णा आले. त्यांनी आपला टॉवेल माझ्या शिरस्त्राणावर टाकला. मला आता काहीच दिसेना, म्हणून मी मान थोडी वाकडी केली. अण्णांच्या हातात त्यांचा निळा मग होता. मंगळावर येताना प्रत्येकाला एक घरगुती वस्तू आणायची मुभा होती. मॅडमनी कुलूप आणलं होतं. मी बुद्धिबळ आणलं होतं आणि इथे कोणालाच खेळता येत नव्हतं. अण्णांनी न्हाणीघरातला प्लास्टिकचा मग आणला होता. का, तर "मापाचा हाय."

कोपऱ्यात पोतंभर मातीचा ढीग होता. अण्णांनी त्याला हात जोडले, एक मग पाणी हाताने शिंपडलं, आतल्या घरात गेले, अर्धा मग आणखी आणला, तोही शिंपडला. मग पायांनी माती कालवायला लागले. ढीग लिंबूसोड्यासारखा फसफसला. माझ्या छातीवरच्या धोक्याच्या डबीने 'टिट-टिट' केलं. मी आतल्या आत चापट मारून ती बंद केली.

"भाईर ये," अण्णा मागे न बघता म्हणाले. "पोशाखाला पाय फुटलेत व्हय?"

मी बाहेर आलो. "अण्णा, पाण्याची चोरी?"

"चोरी कसली रं? पाणी मारतोय. पस्तीस वर्षं सकाळी पयलं काम काय, तर वाळूला पाणी मारायचं. मग अशी मुठीत दाबायची," त्यांनी दाबून दाखवली, "आन् मोडून बघायची. नीट दोन तुकडं पडलं, कडा राहिल्या, तर वाळू कामाची. ही बघ."

त्यांच्या मुठीतून लाल फेस आला.

"आदीची माती पाण्याबिगर मुठीत बसायची. आठवडा झाला, पलीकडल्या उतारावरची नवी वाळू आणतोय. रोज नवं पोतं, रोज ह्योच तमाशा. ह्यात लोखंड वतलं तर कास्टिंगला नुसती भोकं पडतील. लई वंगाळ वाळू."

"मग मॅडमना विचारायचं ना."

"विचारलं असतं तर न्हाई म्हणाल्या असत्या."

हे बरोबरच होतं. पण मी चौकशी अधिकारी होतो. मी अहवाल दिला.

मॅडमनी मग प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वर चिठ्ठी लावली 'मुद्देमाल क्र. १', आणि कपाटात ठेवून रत्नागिरीहून आणलेलं कुलूप लावलं. माती बाहेर टाकायचा हुकूम झाला. अण्णांनी ती टाकली. फक्त दुपारी गुडघ्यावर गेले नाहीत.

त्या संध्याकाळचा आकडा तीन पूर्णांक शून्य एक. प्रकरण मिटलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी सातला मी तीन टोले दिले. दहाला आकडा बघितला आणि आणखी तीन दिले. बाराला पाना उलटा धरून सहा दिले. दोन वाजता हिशेब केला: याच वेगाने गेलं तर सहाला दोन पूर्णांक बहात्तर. म्हणजे तळ बंद. मी खाली तातडीचा संदेश पाठवला. जायला चौदा मिनिटं, यायला चौदा मिनिटं. त्यांना विचार करायला वेळ लागला नसावा, कारण बरोबर अठ्ठावीस मिनिटांनी उत्तर आलं: 'कोन तपासा.'

मी घुमीच्या शेजारी जमिनीवर बसलो. छातीवरची डबी अजून कालच्या चापटीने बंदच होती. ती चालू केली. ही डबी दोन प्रकारे वाजते. ऑक्सिजन कमी झाला तर एक लांब 'टीऽऽ'. वाढला तर 'टिट-टिट'.

काल उंबऱ्यात ती टिट-टिट वाजली होती.

अण्णांची नवी वाळू आली अकराव्या दिवशी. पाणी कमी व्हायला लागलं अकराव्या दिवशी. आणि पहिले तीन टोलेही अकराव्या दिवशीच, सकाळी सातला, म्हणजे अण्णांच्या पाणी मारण्यानंतर पंधरा मिनिटांनी. मला एकदम दोन गोष्टी झाल्या, ज्ञान आणि अपमान. मी उठलो आणि पळत मॅडमकडे गेलो.

"मॅडम, मुद्देमाल द्या."

"कशासाठी?"

"श्वासासाठी."

मी सगळं सांगितलं. त्या मातीत ऑक्सिजन अडकून बसला आहे, पाणी लागलं की सुटतो, अण्णा आठ दिवस तो मोकळा करत होते, आणि रोज थोडी थोडी थकत चाललेली घुमी नुसती उभी राहून शाबासकी घेत होती. मीही घेत होतो, पण ते मी सांगितलं नाही. मॅडमनी फाइल काढली, ऑफिसचं पत्र काढलं आणि बोट ठेवून वाचलं.

"'तळावर, स्थानिक साधनसामग्रीतून, रोज तीन किलो ऑक्सिजन तयार झाला पाहिजे.' घुमीचं नाव कुठेच नाही."

"नाही, मॅडम."

"पाणी इथलं. माती इथली. अण्णा साधन की सामग्री?"

"दोन्ही, मॅडम."

त्यांनी कुलूप काढलं. मग मिळाल्याची माझ्याकडून सही घेतली.

अण्णा उंबऱ्यात बसून रिकामा साचा घासत होते. मॅडमनी दोन्ही हातांनी मग पुढे केला. "अण्णा, पाणी मारा."

"कशाला? वाळू टाकली की. तुम्हीच म्हणालासा."

"तीच परत आत घेऊ."

"तिचं फसफसणं काल झालं. आता ती गप बसणार." अण्णांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं. "काय झालंय?"

मी सांगितलं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि सगळ्यातून त्यांना एकच गोष्ट लागली. "म्हंजे आज कमी पडलं, तर मला खाली जावं लागतंय?"

"सगळ्यांनाच."

"सगळ्यांचं र्‍हाऊ दे," अण्णा म्हणाले, आणि पोशाखाला हात घातला. "किती वाजलं?"

"साडेतीन."

"चार पोती लागतील. तू येऊ नगंस, यशा. तू चढाला धापा टाकतोस. तेवढीच हवा वाचंल."

मॅडम आणि मी खिडकीशी उभे राहिलो. अण्णा बाहेर पडले आणि पळत सुटले. मंगळावरचं पळणं म्हणजे अर्धं उडणंच असतं. एका ढांगेत ते दगड ओलांडायचे, दुसरीत खळगा. काखेत रिकामी पोती फडफडत होती. बघता बघता ते माथ्यावर पोचले आणि पलीकडे दिसेनासे झाले. बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा दोन्ही खांद्यांवर दोन-दोन पोती होती, आणि सत्तावन्न वर्षांचा तो माणूस उतारावरून करडासारखा उड्या मारत येत होता.

मॅडमनी खिडकीची काच पदराने पुसली. मग म्हणाल्या, "यांचा वैद्यकीय अहवाल मी वाचलाय. हे गुडघे कोणाचे?"

"मंगळाचे, मॅडम."

पाच वाजून पाच मिनिटांनी पोती आत आली. पोत्यामागे दीड मग, चार पोत्यांना सहा. पाणी मॅडमनी स्वतः आणलं. अण्णा पायांनी कालवत होते, मी हातांनी, आणि ढीग उकळत्या दुधासारखा वर येत होता. फटाके उडवून झाल्यावर अंगणात येतो तसा वास सुटला.

"वंगाळ वाळू," अण्णा म्हणाले.

"अण्णा, वंगाळ म्हणू नका तिला," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या साडेसात वर्षांच्या नोकरीत त्यांनी माझ्या देखत केलेलं हे एकच कौतुक.

सहाचा अंदाज चढायला लागला: दोन पूर्णांक एक्याऐंशी. दोन पूर्णांक नव्वद. पावणेसहाला दोन पूर्णांक सत्त्याण्णव, आणि आकडा तिथेच बसला. ढीगही बसला. फसफस संपली होती.

"आणखी एक पोतं?" मी विचारलं.

"पंधरा मिनिटात पोशाखबी चढत न्हाई," अण्णा म्हणाले आणि खाली बसले. त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

मॅडम आकड्याकडे बघत होत्या. "यशोधन, आपल्या श्वासासाठी हिशेबात किती धरलंय?"

"ठरावीक धरलंय. माणशी, तासाला."

"घेतला नाही तर?"

"तर तेवढा वाचेल."

"मग घेऊ नका."

"ह्यो खोटेपणा हाय," अण्णा म्हणाले.

"बोलू नका, अण्णा. बोलण्यात जातो."

आम्ही तिघं ओल्या मातीभोवती बसलो. आधी मॅडमनी श्वास धरला, त्यांनी सोडला की मी, मी सोडला की अण्णा, आणि मधल्या वेळात प्रत्येकाने चिमणीएवढा घ्यायचा. अण्णांचे डोळे मोठे होत गेले. मला हसू आलं. हसण्यात किती जातो हे मॅडमनी नुसतं बोट वर करून सांगितलं. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. सहाला दोन मिनिटं असताना मॅडमचा चेहरा त्यांच्या गंजक्या कुलपाच्या रंगाचा झाला होता.

सहा वाजले. तीन पूर्णांक शून्य शून्य.

तिघांनी मिळून जो श्वास घेतला, तो दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात गेला.

पुढचे अकरा दिवस पावणेसातला पाणी मारणं हा अधिकृत कार्यक्रम झाला. मॅडम कपाट उघडायच्या, पिशवीचं सील तोडायच्या, मग द्यायच्या, सही घ्यायच्या. काम झालं की मग परत सीलबंद. चोरीचं प्रकरण खालून बंद झाल्याशिवाय मुद्देमाल सोडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तीस दिवस पुरे झाले.

मॅडम खोटं लिहिणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी एकोणीस पानी अहवाल पाठवला. त्यात वाळू, मूठ, फेस, श्वास धरणं, सगळं होतं, आणि मगाचं छायाचित्र, बाजूला मोजपट्टी ठेवून. चार महिन्यांनी उत्तर आलं: 'मग हे उपकरण मंजूर यादीत नाही. सबब परिच्छेद चार ते अठरा वगळण्यात येत आहेत.' उरलेल्या तीन परिच्छेदांत माझं नाव होतं आणि पाना होता. म्हणून पेढे घुमीचे वाटले, आणि मिरजेला सुट्टी माझ्यामुळे मिळाली.

याला बारा वर्षं झाली. आता मंगळावर आपले चार तळ आहेत. प्रत्येक तळावर नवी घुमी आहे, आणि प्रत्येक घुमीला कारखान्यातूनच एक हातोडी बसवून येते. ती रोज सकाळी सातला पंचेचाळीस अंशांत तीन टोले देते. आणि प्रत्येक तळावर पावणेसातला, अण्णांच्या हाताखाली शिकलेलं कोणीतरी, गुपचूप वाळूला पाणी मारतं. त्या पाण्याची नोंद 'गळती' अशी होते.

मॅडम रत्नागिरीला असतात. त्यांचे गुडघे उत्तम आहेत. जाताना कपाटाची किल्ली मला देऊन गेल्या. अण्णांना पुढच्या महिन्यात सत्तर पूर्ण होतील, आणि सत्तरी झालेल्या कर्मचाऱ्याला खाली पाठवायचा नियम आहे. आज सकाळीही ते पोतं घेऊन गेले. माथ्यावर पोचल्यावर रोजच्यासारखं म्हणाले, "दुखंना की रं." मी म्हटलं, बरं झालं, अण्णा, आणि कागद पुढे ओढला.

*प्रति, मा. प्रमुख, मंगळ विभाग, खालचं ऑफिस. विषय: सुट्या भागाची नोंद करण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, श्री. अण्णा चौगुले यांची कर्मचारी म्हणून असलेली नोंद रद्द करून त्यांना घुमी क्र. १ चा 'न काढता येणारा सुटा भाग' म्हणून दाखवण्यात यावे. सुट्या भागांना निवृत्तीचे वय लागू नाही. तसेच सोबतच्या मुद्देमाल क्र. १ (मग, निळा, मापाचा, एक नग) वरील बारा वर्षे प्रलंबित असलेले चोरीचे प्रकरण बंद करून तो सदर सुट्या भागास कायमस्वरूपी जोडण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.*